भात्याविना पेटी



शेतकी खात्यातला माणूस पेटीवर काय लिहिणार, असे तुम्हाला वाटेल. त्याने बियाणे, खते, फवारणी यांवर लिहावे. ते आम्ही वाचू. तुमचे म्हणणे रास्त आहे. पण खात्यात मला तीस वर्षे होत आली, आणि जवळजवळ तितकीच वर्षे मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. २०२१ च्या पावसाळ्यात माझा डावा हात गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण मूठ उघडत नाही. त्यानंतर घरात बसून, एका हाताने आणि खिशातल्या मोबाइलच्या मदतीने मी पुन्हा कसा वाजवू लागलो, ते आज सांगायचे आहे. माझ्या एकट्याची हकीगत असती तर सांगितली नसती. पण फिरतीवर मला अशी माणसे नेहमी भेटतात. कोणाची बोटे कडबाकुट्टीत गेलेली, कोणाला अर्धांग झालेले, कोणाची बोटे संधिवाताने वाकलेली. त्यांतले बरेच जण एके काळी पेटी, पखवाज, तबला वाजवणारे. त्याबद्दल विचारले, की "आता कशाचं काय साहेब, ते गेलं" म्हणतात आणि सोयाबीनच्या भावावर येतात.

आधी आजाराबद्दल दोन शब्द, कारण ते उपयोगाचे आहेत. एका प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर उभा असताना माझ्या हातातली वही गळून पडली आणि बोलणे अडखळू लागले. ओढ्याला पाणी आलेले, रस्ता बंद. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून अर्धांग झाले असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचा फोटो काढून मगच. माझी ती वेळ निघून गेली होती. म्हणून सांगतो, तोंड एका बाजूला ओढले, एक हात वर राहीना, बोलणे जड झाले, की 'वारं गेलं' म्हणून तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन लावा. पाय माझा बऱ्यापैकी सुधारला. काठी सुटली, मोटारसायकल सुटली ती मात्र सुटलीच. हाताने दाद दिली नाही.

आता पेटीची रचना पाहा. ज्यांनी ती फक्त लांबून ऐकली आहे, त्यांना वाटते की पेटी उजव्या हाताने वाजते. ती वाजते डाव्या हाताने. उजवा हात सुरांच्या पट्ट्या दाबतो, पण आत पितळेची जी बारीक पाती आहेत, ती थरथरतात हवेने, आणि हवा देतो भाता. भाता मारणारा डावा हात थांबला, की उजव्या हाताने कितीही पट्ट्या दाबा, लाकडावर बोटे आपटल्याचा आवाज येईल. माझी पाचही बोटे शाबूत, तीस वर्षांचा सराव शाबूत, आणि पेटी मुकी. विहिरीला पाणी आहे, मोटारही आहे, पण वीज नाही, अशा शेतकऱ्याची जी तडफड होते, ती मला तेव्हा कळली.

पहिला उपाय घरातलाच झाला. सौ. समोर बसून भाता मारू लागल्या. त्यांना माझी लय माहीत होती, त्यामुळे काही दिवस बरे गेले. पण भाता म्हणजे पेटीचा श्वास असतो. कुठे सूर भरायचा, कुठे सोडायचा, हे वाजवणाऱ्याच्या पोटातून हातात येते. आपल्या नाकाने दुसऱ्याने श्वास घ्यावा, तसे ते होत होते. शिवाय दिवसभर शेत, दोन वेळच्या धारा, चूल, आणि वर रात्री माझा भाता! एके रात्री भाता मारता मारताच त्यांचा डोळा लागला. मी पेटीचे झाकण लावले. त्या म्हणाल्या, "अहो, वाजवा की, मी जागी आहे." मी काही वाजवले नाही. माणसाला रात्री-अपरात्री एखादा सूर लावावासा वाटतो. त्यासाठी दर वेळी दुसऱ्याला उठवायचे, हे मनाला पटेना.

कोणी सुचवले, पायपेटी बघा. सूचना चुकीची नव्हती. मुळात ही पेटी युरोपातून आली ती पायाने भाता मारायचीच होती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ती तयार झाली, आणि हाताच्या भात्याची, मांडी घालून बसणाऱ्यांसाठीची घडण नंतर कलकत्त्याला झाली. आपल्या संगीत नाटकांत कितीतरी वर्षे पायाने हवा भरायचा ऑर्गन वाजत होता. पण आमच्या भागात पायपेटी मिळणे दुरापास्त, आणि माझा डावा पाय तासभर पायटा मारील याचीही खात्री नव्हती.

मग घेतला कॅसिओ. खेड्यात विजेवरच्या सगळ्याच पेट्यांना आपण कॅसिओ म्हणतो, कंपनी कोणतीही असो. तालुक्याच्या गावी एका वाद्यवृंदवाल्याकडून जुना घेतला, चार हजारांना. याला भाता नाही, हवा नाही. पट्टी दाबली की सूर. पहिल्या संध्याकाळी मी काळी दोनमध्ये नुसता सा धरून बसलो होतो. फार दिवसांनी कोणाच्याही मदतीशिवाय सूर लागला होता, एवढेच त्यात विशेष.

एवढ्यावर लेख संपला असता. पण एका हाताने एक ओळ वाजली, तरी ते पेटीवाल्याचे वाजवणे होत नाही. खाली खर्ज हवा, मागे तंबोरा हवा, ठेका हवा, टाळ हवेत. मंडळात हे सगळे माणसे करतात. घरी काय?

इथे माझी पुतणी मदतीला आली. ती तेव्हा दहावीत होती. तिने माझ्या मोबाइलवर बँडलॅब नावाचे एक फुकट मिळणारे ॲप उतरवून दिले. आयफोनवाल्यांकडे गॅरेजबँड असते, संगणक असेल तर ऑडॅसिटी आहे, जातकुळी एकच. पडद्यावर आडव्या पट्ट्या दिसतात, एकाखाली एक, वाफ्यांसारख्या. पहिल्या वाफ्यात एक आवाज भरायचा. तो वाजत ठेवून, कानांनी ऐकत, दुसऱ्या वाफ्यात दुसरा. मग दोन्ही ऐकत तिसरा. शेवटी सगळे वाफे एकदम वाजतात. "काका, एकाच वेळी करायची घाई कुणी सांगितलीय? आज खर्ज भरा, उद्या वरची ओळ," ती म्हणाली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे.

मंडळी, दोन हातांचे काम एका हाताने होत नाही, हे खरे. पण ते एकाच वेळी होत नाही, एवढेच खरे. एका हाताने, एकामागून एक, ते होऊ शकते. आपल्याकडे सावड असते. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्याचा बैल आज घेतो आणि आपला उद्या देतो. मी माझ्या स्वतःशीच सावड करू लागलो. सोमवारी वाजवलेला उजवा हात मंगळवारच्या उजव्या हाताला मदत करतो.

कॅसिओला मागे यूएसबीचे छिद्र असेल, तर वायरने तो मोबाइलला जोडता येतो, मध्ये ओटीजी नावाचा एक छोटा जोड लागतो. आणि मग एक निराळीच गंमत होते. मोबाइल तुमच्या पेटीचा आवाज साठवतच नाही. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने, आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद तो करतो. आपल्या हजेरीबुकासारखे समजा. बुकात मजूर नसतो, तो किती वाजता आला आणि केव्हा गेला हे असते. या पद्धतीला मिडी म्हणतात. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी, म्हणून १९८३ साली ही पद्धत ठरली. तीत पुढाकार होता अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा. योगायोग असा, की त्याच १९८३ साली आपल्याकडे मळणी यंत्रांत हात जाऊ लागले म्हणून धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. हात नेणारे यंत्र आणि हाताला हात देणारे यंत्र, दोन्ही एकाच साली कागदावर आली!

हजेरीबुकाचा फायदा काय? नोंद हळू वाचली तरी मजुराचे नाव बदलत नाही. तसे मी एखादी अवघड जागा निम्म्या लयीत वाजवतो, नंतर लय वाढवतो; सूर तोच राहतो, चढत नाही. एखादा सूर चुकला तर तेवढाच बोटाने उचलून योग्य जागी ठेवतो. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना एका वेळी एकच बोट हलवता येते, त्यांच्यासाठी ही केवढी सोय आहे! वाजवायचे नसेल तर सूर नुसते ठिपक्यांसारखे मांडताही येतात. ज्वारीच्या ओळी टोकाव्यात तसे. मात्र हे फक्त नोंदीच्या बाबतीत. गळ्याचा आवाज भरला, की तो खरा आवाज असतो, त्याची लय फार ताणली तर तो फाटल्यासारखा येतो. म्हणून गाणे भरण्याआधी लय पक्की करून घ्यावी.

या ॲपांत एक बटण असते, ते दाबले की मागेपुढे पडलेला प्रत्येक सूर मात्रेवर नेमका बसवला जातो. पुतणीला ते फार आवडते. मी ते वापरत नाही. पेरणी ओळंब्यात असावी हे मी गावोगाव सांगत आलो, पण भजन ओळंब्यात बसवले की त्यातला जीव जातो. सूर किंचित मागून येतो, त्यातच तर गोडी असते. असो, हा माझा हट्ट आहे. ज्याच्या हाताला मात्रा सापडतच नाही, त्याने ते बटण खुशाल दाबावे.

तंबोऱ्याचे म्हणाल तर तो प्रश्न फार पूर्वीच सुटला आहे. बंगळूरचे जी. राज नारायण या अभियंत्यांनी १९७९ मध्ये विजेवरचा तंबोरा बनवला. ते स्वतः बासरीही वाजवत. आज तोच आवाज मोबाइलवर मिळतो, तबल्याचा ठेकाही मिळतो. भजनी, केरवा, दादरा, जो हवा तो, हव्या त्या लयीत. टाळ मात्र मी स्वतः भरतो, आणि तो डाव्या हाताने. माझी मूठ उघडत नाही, पण खांदा आणि कोपर हलतात. मुठीचे मधले हाड पडद्यावरच्या चौकोनावर टेकले की टाळ वाजतो. सुरुवातीला चार आघातांतले दोन हुकत. आता क्वचित हुकतो. जर्मनीत अर्धांग झालेल्या रुग्णांना अशाच विजेच्या पट्ट्या आणि वाजवायचे पॅड देऊन तीन आठवडे सराव करवला, तेव्हा नेहमीच्या उपचारांपुरतेच थांबलेल्यांपेक्षा त्यांच्या हातांची हालचाल जास्त सुधारली, असा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. माझी मूठ काही यामुळे उघडलेली नाही. पण तो हात दिवसभर मांडीवर पडून असे, तो आता रोज अर्धा तास कामाला लागतो.

हे खरे संगीत का, असा प्रश्न मला विचारला जातो. आमच्या मंडळातल्याच एकाने तोंडावर विचारला. त्यांना मी पेटीचीच गोष्ट सांगतो. ज्या पेटीला आपण देवळात पटकूर टाकून बसवतो, तीच पेटी १९४० साली आकाशवाणीने बंद केली होती. विलायती यंत्र आहे, सूर ठोकळेबाज आहेत, मींड निघत नाही, असे तिच्यावर आरोप होते. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडले, तेही एकदम सगळी उठली नाही. आणि तोपर्यंत गावोगावच्या देवळांत पेटी वाजतच होती. विठ्ठलाने काही हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

बाहेरच्या जगात तर याच्या फार पुढची उदाहरणे आहेत. क्लॅरेन्स अडू हे इंग्लंडमधले ट्रम्पेटवादक. १९९५ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांचे खांद्याखालचे सगळे शरीर निकामी झाले. त्यांच्यासाठी एक वाद्य तयार केले गेले, त्यात डोक्याच्या हालचालीने सूर निवडायचा आणि नळीत फुंकून तो वाजवायचा. फुंकणाऱ्या माणसाची फुंकर तेवढी शिल्लक होती, तिच्यावरच वाद्य उभे केले. अमेरिकेतले जेसन बेकर हे गिटारवादक. विशीतच त्यांना स्नायू निकामी करणारा आजार झाला, हात गेले, पुढे वाचाही गेली. वडिलांनी डोळ्यांच्या हालचालीवरून अक्षरे ओळखण्याची एक पद्धत बसवली. तिच्या आणि संगणकाच्या आधारे ते स्वररचना सांगत राहिले. २०१८ मध्येसुद्धा त्यांचा नवा संग्रह निघाला. ही माणसे मोठी, त्यांच्यामागे तज्ज्ञ उभे होते. पण विचार आपल्या अंगणातलाच आहे: काय गेले ते न मोजता काय उरले ते बघायचे, आणि वाद्य त्या उरलेल्याजवळ आणायचे. कमी पाण्याच्या वर्षी आपण पीक बदलतो, जमीन विकत नाही.

आता एका पखवाजवाल्याची हकीगत. माझ्याच सजातल्या एका गावचे हे शेतकरी, वय चाळिशीचे. चार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या घाईत कडबाकुट्टीत पेंडी सारताना उजव्या हाताची चार बोटे गेली. (पेंडी सारायच्या तोंडाला पुरेसे लांब झाकण नसलेली कडबाकुट्टी घेऊ नका, आणि अपुऱ्या उजेडात ती चालवू नका, हे आम्ही सांगून थकलो.) शेतातली कामे ते जिद्दीने करतात. डाव्या हाताने धारसुद्धा काढतात. पखवाज मात्र त्यांनी देवळात नेऊन ठेवला, आणि सप्त्याच्या दिवसांत पाहुण्यांकडे निघून जाऊ लागले. घरच्यांना ते जास्त लागले होते.

आमच्या खात्यात एक रीत आहे, आपल्या प्लॉटवर पिकवून दाखवल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचे नाही. मी माझे भरलेले एक भजन त्यांना ऐकवले. पेटी, तंबोरा, टाळ, गळा, सगळा मीच. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, तुमचं बरंय, तुमचा उजवा हाय. माझा उजवाच गेला, अन् शाईचं सगळं काम उजव्याचं." मी म्हटले, "दादा, धूम कोण वाजवतो?" म्हणाले, "डावा." "मग आधी धूम भरू. शाईचं नंतर बघू."

देवळातून पखवाज आणला. पीठ मळून धुमेवर लावले. मोबाइल समोर पाटावर ठेवला, एका कानात ठेक्याची टिकटिक. त्यांनी धुमेचे सगळे बोल डाव्या हाताने भरले. त्यात त्यांना वेळ लागला नाही. मग पखवाज फिरवून ठेवला, शाईचे तोंड डावीकडे. आणि त्याच डाव्या हाताने, मागे स्वतःचीच धूम ऐकत, शाईचे बोल. हे सोपे नव्हते. त्या हाताला ते बोल कधी माहीत नव्हते. 'धा' म्हणजे दोन्ही बाजू एकदम पडायला हव्यात, आणि तिथे नेमकी फट दिसे. त्यांनी पाच महिने रोज पहाटे सराव केला. आता साधा भजनी ठेका आणि दोन-तीन लग्ग्या स्वच्छ येतात. ऐकणाऱ्याला कळत नाही की दोन्ही बाजूंना एकच हात आहे. गेल्या वर्षी सप्त्याला ते गावातच होते.

पण याची मर्यादाही सांगितली पाहिजे. खताचा फायदा सांगून त्याने जमीन कुठे बिघडते हे लपवणे बरे नाही. एकदा एकादशीला मी घरी भरलेला ठेका आणि तंबोरा मोठ्या पेटाऱ्यावर लावून मंडळात वाजवायला नेला. आमचे बुवा सत्तरीच्या पुढचे. रंगात आले की एखाद्या शब्दावर थांबतात, डोळे मिटतात, पुन्हा मागे जातात. माणसे त्यांच्यासाठी थांबतात. मोबाइल थांबला नाही. बुवा डोळे उघडेपर्यंत ठेका चार आवर्तने पुढे गेला होता. बुवा रागावले नाहीत. म्हणाले, "पेटीमास्तर, तुमचं यंत्र माझ्याकडं बघत न्हाई." याहून नेमके कोणा अभियंत्यालाही सांगता आले नसते. त्या दिवसापासून मंडळात मी नुसता कॅसिओ नेतो आणि एका हाताने बुवांच्या मागे मागे जातो. माझ्या मागचा खर्ज कमी पडतो, तो दुसरे एकजण वीणेवर सांभाळतात. भरलेले संगीत घरासाठी. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

आणि भात्याची उणीव आहेच. कॅसिओचा सूर दाबला की एकसारखा येतो, फुगत नाही, ओसरत नाही. त्यावर उपाय म्हणून पायाने आवाज कमीजास्त करायचे एक पायटे मिळते, सगळ्याच कॅसिओंना ते लागत नाही. ॲपमध्ये आवाजाची चढउताराची रेघ बोटाने ओढताही येते. मी ती ओढतो. तीस वर्षे जे हाताने आपोआप होत होते, ते आता डोळ्याने रेघ पाहून करावे लागते. बरे वाटते, पण ते नाही वाटत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. कॅसिओ लगेच घेऊ नका. आधी मोबाइलच्या पडद्यावरच्या पट्ट्यांवर महिनाभर बघा. कानात लावायचे यंत्र वायरचे घ्या. बिनवायरीच्यात आवाज उशिरा पोचतो आणि मात्रा सापडत नाही. भरताना मोबाइल विमान-स्थितीत टाका, नाहीतर ऐन समेवर जावयाचा फोन येतो. गळा भरायची खोली रिकामी नसावी. भिंतीला दोन गोधड्या टांगल्या तर घुमणे कमी होते. आमच्याकडे शेजारच्या बोअरची मोटार रात्री चालते आणि म्हैस पहाटे हंबरते, त्यामुळे मला रात्री जेवणानंतरचा, वीज जायच्या आतला तासभर मिळतो. तेवढा पुरतो. आणि घरात कोणी शाळेत जाणारे असेल तर त्याच्याकडून शिकायला लाजू नका. माझी पुतणी माझ्यावर चिडते, "काका, किती वेळा सांगायचं, आधी जतन करा!" मी ऐकून घेतो.

सध्या एक अभंग हाती घेतला आहे. पखवाजवाल्या दादांनी धूम आणि शाई दोन्ही भरून पाठवली आहेत, माझी पेटी आणि टाळ झाले आहेत. मुख्य गळा बुवांचा. त्यांच्यासाठी ठेका थांबत नसल्याने आम्ही उलटे केले, आधी त्यांना नुसत्या तंबोऱ्यावर मोकळे गाऊ दिले आणि बाकी सगळे त्यांच्या गाण्यामागून बसवले. पखवाज त्यामुळे तीनदा भरावा लागला. मागे धरायचा दुसरा गळा सौ.चा आहे. तो अजून राहिला आहे. सोयाबीन निघाल्याशिवाय मला सवड नाही, असे त्यांनी सांगितले आहे, आणि यंदा परतीचा पाऊस लांबला आहे.